प्रश्न सांगता येत नाही

आमच्या वहिनीला कुणाच्याही मुलाचं वय नुसतं वर्षांत सांगून चालत नाही. "मागच्या आठवड्यात सात पूर्ण झाली याला," असं सांगत शेजारीण पेढे घेऊन आली की वहिनी आधी जन्मतारीख विचारते. मग आजच्या तारखेतून ती वजा करते. दिवस कमी पडले तर महिन्याकडून तीस उसने घेते, महिने कमी पडले तर वर्षाकडून बारा, आणि जाहीर करते, "सात वर्षं, शून्य महिने, पाच दिवस." शेजारीण पेढा हातात धरून उभीच. तिला वाटतं, पत्रिका मांडून राहिली का काय ही! वहिनीचं कारण वेगळं असतं. मुलांची बुद्धी मोजायच्या कसोट्यांचे तक्ते वयाच्या काही-काही महिन्यांच्या टप्प्यांनी छापलेले असतात. मूल टप्प्याच्या आदल्या दिवशी बसलं तर एका तक्त्यात, दुसऱ्या दिवशी बसलं तर पुढच्यात. उत्तरं अगदी तीच दिली तरी कालचा हुशार आज जरा बेताचा निघू शकतो. त्यामुळे वाढदिवस ही गोष्ट वहिनीला थोडी धोक्याचीच वाटते.

वहिनी बालमानसशास्त्रज्ञ आहे आणि मुलांची न्यूरोसायकॉलॉजिकल असेसमेंट करते. हे वाक्य आमच्या घरात न अडखळता फक्त मीच म्हणू शकतो. आई सांगते, "सून पोरांना ठोकळे देते, अन् त्याचे पैसे घेते." नागपुरात धंतोली म्हणजे दवाखान्यांची वस्ती. हाड, हृदय, कान, किडनी, सगळ्यांच्या पाट्या एकमेकींना खेटून लागलेल्या. त्यात एका इमारतीच्या दुसऱ्या माळ्यावर वहिनीची पाटी आहे. खालचा वॉचमन गोंधळलेल्या पालकांना वाट दाखवतो. "डोकं मोजतात त्याच मॅडम न? दुसरा माळा. टेप नाही लावत जी, बोलून मोजतात." मुलांनी तिला 'ठोकळेबाई' नाव ठेवलं आहे, आणि ते तिला तिच्या पदव्यांपेक्षा जास्त आवडतं.

पदव्या तशा कमी नाहीत. एम.ए. झाल्यावर बंगळूरच्या निम्हान्समध्ये दोन वर्षं एम.फिल. केलं. तिथून भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक घेऊन ती परत आली. तो क्रमांक नसेल तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावता येत नाही. दादाला पाहायला आली, म्हणजे खरं तर आम्हीच तिला पाहायला गेलो होतो, तेव्हा आईने तिला विचारलं, "तू मानसशास्त्रवाली आहेस न? मग सांग बरं माझ्या मनात काय आहे." वहिनी म्हणाली, "मी मन ओळखत नाही, मोजते. त्यालाही दोन-तीन तास लागतात, अन् मधात नाश्त्याची सुट्टी द्यावी लागते." आईच्या मनात तेव्हा नाश्त्याचंच होतं. लग्न ठरलं.

तिच्या बॅगेत काय नसतं! लाकडी पाटीत दहा आकार बसवायचा सेग्विन फॉर्मबोर्ड, लाल-पांढरे ठोकळे, चित्रांचे गठ्ठे, भूलभुलय्ये, खोडरबर नसलेल्या पेन्सिली. आणि नागपूरचा अभिमान! लोक संत्र्याबद्दल किंवा झिरो माईलबद्दल बोलायला लागले की ती मध्येच मॅलिन काढते. भारतभर मुलांना दिली जाणारी 'मिसिक' ही बुद्धिमापन कसोटी डॉ. मॅलिन यांनी इथे, नागपुरात तयार केली, 1969 मध्ये तिची पुस्तिका निघाली. मूळ अमेरिकन वेक्सलरची, पण परदेशी पोरांना विचारायचे प्रश्न काटोलच्या पोराला विचारून कसं चालेल, म्हणून तिला इथलं रूप दिलं. न्यू जर्सीच्या व्हाइनलँड गावी एडगर डॉल यांनी केलेल्या सामाजिक परिपक्वतेच्या मापनाचीही नागपुरी आवृत्ती मॅलिन यांचीच. दिल्लीच्या परिषदेत कुणी "नागपूरहून? ओह, ऑरेंजेस!" म्हटलं की वहिनी "नो, मॅलिन" म्हणते आणि समोरचा फळाची नवी जात समजून मान हलवतो.

या नागपुरी मापनात मुलाला काही विचारत नाहीत, मुलाला ओळखणाऱ्या मोठ्या माणसाला विचारतात. स्वतः जेवतो का, हातपाय धुतो का, न सांगता झोपायला जातो का, दुकानातून सामान आणतो का. वहिनीने सराव म्हणून एकदा दादावर ते करून पाहिलं. माहिती सांगायला आईला बसवलं. आईने प्रत्येक कलमाला "करतो न, माझं पोरगं सगळंच करतो" असं सांगितलं. दादा मापाच्या वरच्या टोकाला, पंधरा वर्षांना जाऊन टेकला. मग वहिनीने तेच कागद स्वतःच्या निरीक्षणावरून भरले. दादा साडेआठ वर्षांवर आला. माहिती कोण सांगतं यावर माप किती हलतं, याचं उदाहरण म्हणून हे दोन कागद ती विद्यार्थ्यांना दाखवते. नाव झाकून. पण उत्तरं आईच्या शब्दांत असल्याने नातेवाईक विद्यार्थ्यांना कळतंच.

या धंद्याने माणसाच्या बोलण्यावर काय परिणाम होतो, हे आमच्या घरी राहून बघावं. कसोटी देताना मुलाचं उत्तर बरोबर आहे की चूक, हे चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. 'शाब्बास, बरोबर' म्हणायचं नाही, नाहीतर पुढच्या चुकीला आपण गप्प राहिलो की मुलाला कळतं. फक्त मेहनतीचं कौतुक करायचं. दादाने एका रविवारी हौसेने सावजी रस्सा केला. पहिला घास घेऊन वहिनी म्हणाली, "छान प्रयत्न करता आहात." दादाने विचारलं, "पण जमला का?" ती म्हणाली, "आता आपण पुढचं करू." पुढचं म्हणजे भात होता.

तिचा उजवा अंगठाही सरळ राहिलेला नाही. स्टॉपवॉच मुलाच्या नजरेसमोर धरलं तर मूल घड्याळाशीच खेळतं, म्हणून ते टेबलाखाली तळहातात लपवायचं असतं. आता कुणीही काहीही करायला घेतलं, डबा उघडायला, सुईत दोरा ओवायला, गाडी पार्किंगमधून काढायला, की वहिनीचा अंगठा आपोआप दाबला जातो. मी बुटाची लेस बांधताना तो हललेला पाहिला आहे. किती सेकंद लागले ते तिने सांगितलं नाही. वयाच्या मानाने ठीक होतं म्हणे.

वाणसामानाची यादी लिहून न्यायची आमच्याकडे पद्धत नाही. शब्दांच्या स्मरणाची एक जुनी कसोटी आहे, पंधरा शब्दांची. मुलाला तेच पंधरा शब्द पाच वेळा ऐकवायचे, दर वेळी आठवतील तेवढे म्हणून घ्यायचे, मग दुसऱ्याच शब्दांनी त्याचं डोकं भरायचं, आणि वीसेक मिनिटांनी पुन्हा पहिले विचारायचे. दादा जोडे घालत असताना वहिनी त्याला पंधरा जिन्नस सांगते. दादा पहिले तीन आणि शेवटचे दोन बरोबर आणतो. मधली तूरडाळ नेहमी दुकानातच राहते. हे असं सगळ्यांचंच होतं, सुरुवातीचं आणि शेवटचं टिकतं, मधलं गळतं, असं वहिनी प्रेमाने समजावते. परवा दादा म्हणाला, "अगं, दुकानात तूरडाळ दिसली असती तर आठवली असती." वहिनीचे डोळे चमकले. "म्हणजे साठवण शाबूत आहे! ओळख चांगली आहे, फक्त स्वतःहून बाहेर काढता येत नाही." त्या रात्री वरणाशिवाय जेवताना दादाला आपण परीक्षेत पास झाल्यासारखं वाटत होतं.

पण वहिनीची खरी लत वेगळी आहे. तिला चुकीच्या उत्तरांचा नाद आहे. बरोबर उत्तराला ती गुण देते आणि विसरते. चुकीचं उत्तर मात्र घरी घेऊन येते. गंमत अशी की कसोटीतले प्रश्न बाहेर फोडायचे नाहीत, हा तिच्या धंद्याचा धर्म. म्हणून आम्हाला फक्त उत्तरं कळतात. संध्याकाळी चहा घेता-घेता ती स्वतःशीच हसते आणि म्हणते, "आज एक मुलगी म्हणाली, 'कारण त्याचं लग्न झालेलं असतं.'"

आम्ही सगळे कप खाली ठेवतो. "प्रश्न काय होता?"

"प्रश्न सांगता येत नाही."

मग रात्रभर घर प्रश्न शोधतं. दादाचा अंदाज, 'माणूस घरी लवकर का येतो?' आईचा अंदाज नेमका उलटा, 'माणूस घरी उशिरा का येतो?' माझा स्वतःचा एक अंदाज आहे, तो वहिनीसमोर सांगण्यासारखा नाही. दुसऱ्या दिवशी नवीन उत्तर येतं. "दोन्ही आईला आवडत नाहीत." किंवा, "मी आधी बाबांना उठवीन, बाबा म्हणतील झोप, मग मी झोपीन." हे शेवटचं देणाऱ्याला पुस्तिकेप्रमाणे शून्य मिळालं. वहिनी म्हणाली, "गुण नाही देता आला. पण पोराने घरातली राज्यघटना सांगितली बघा, भाऊजी."

या नादाला मोठी परंपरा आहे, असं ती सांगते. बुद्धी मोजायची पहिली उपयोगी कसोटी आल्फ्रेद बिने आणि थिओदोर सिमाँ यांनी 1905 मध्ये पॅरिसला केली. शाळेत मागे पडणारी मुलं हुडकून त्यांना वेगळी मदत द्यायची, एवढंच फ्रेंच सरकारला हवं होतं. बिने तर स्वतःच्या दोन मुलींवरही प्रयोग करत असे, त्यामुळे दादाला तक्रारीला जागा नाही. पुढे 1920 च्या सुमारास सिमाँकडे झां पियाजे नावाचा तरुण आला. काम कंटाळवाणं होतं. इंग्रजी कसोटी फ्रेंच मुलांना बसवायची आणि बरोबर उत्तरं मोजायची. हा पठ्ठ्या बरोबर उत्तरं सोडून चुकांच्याच मागे लागला. एका वयाची मुलं एकाच तऱ्हेने का चुकतात, हे विचारत बसला, आणि त्यातून त्याने मुलांच्या विचारांचं आख्खं शास्त्र उभं केलं. वहिनीच्या दवाखान्यात पियाजेचा फोटो आहे. पालकांना तो तिचा सासरा वाटतो.

मुलांचं मात्र वहिनीबद्दल एक ठाम मत असतं. परवा एक पाच वर्षांचा पोट्टा दोन तासांनी बाहेर आला आणि आईला म्हणाला, "या बाईले काहीच नाही येत. सगळं मलेच विचारे!" जाता-जाता त्याने वहिनीच्या पाठीवर थोपटलं. छान प्रयत्न करता आहात, अशा अर्थाने असावं.

पालकांचं असं सोपं नसतं. ते आकडा न्यायला आलेले असतात. वर्ध्याचे एक गृहस्थ अहवाल ऐकायला बसले. वहिनी म्हणाली, "एकशे चार." त्यांनी बायकोकडे पाहिलं, "शंभरपैकी एकशे चार! बघ!" आनंदाने त्यांचा कंठ दाटला. मग वहिनीने सांगितलं की हे शंभरपैकी नाही, शंभर म्हणजे त्या वयाच्या मुलांचा मधला आकडा, आणि साधारण निम्मी मुलं नव्वद ते एकशे नऊमध्येच असतात. गृहस्थांचा चेहरा पडत गेला. "म्हणजे अॅव्हरेज?" त्यांनी असं विचारलं, जणू पोराला काही लागण झाली आहे. आपल्याकडे कुणाचंच मूल सरासरी नसतं. मग ही सरासरी निघते कुठून, हा गणिताचा प्रश्न वहिनीला कुणी सोडवून दिलेला नाही.

त्यात आता ती एक आकडा सांगायला राजीच नसते. कुठल्याही मोजणीत चूक असते, म्हणून 'नव्याण्णव ते एकशे नऊ, पंचाण्णव टक्के खात्रीने' असं सांगायचं, हा तिचा बाणा. घरीही तेच. पाहुणे किती येणार विचारलं तर "बारा ते सोळा" सांगते, आणि आईला चौदा ताटं मांडताना समजत नाही की दोघं उपाशी राहणार आहेत की दोघांचं उरणार आहे. अहवालात हा आकडा शेवटच्या पानावर असायचा. पालक बाकीची दहा पानं न वाचता थेट तिथेच जात. तेव्हापासून वहिनी तो सहाव्या पानावर, एका लांबलचक वाक्याच्या पोटात दडवते. पालकांनीही हायलायटर आणायला सुरुवात केली आहे.

एक आई दुसरीकडचा कागद फडकावत आली, "आमचा एकशे अडतीस आला होता, तुमच्याकडेच कसा एकशे अठरा?" वहिनीने कसोटीचं नाव आणि साल पाहिलं. तक्ते पन्नासेक वर्षांपूर्वीचे होते. जेम्स फ्लिन यांनी 1984 मध्ये दाखवून दिलं की पिढी दर पिढी लोकांचे या कसोट्यांवरचे गुण वाढत जातात, अमेरिकेत तर दर दशकाला सुमारे तीन गुणांनी. जुन्या तक्त्यावर आजचं मूल मोजलं की आकडा फुगतो. "तुमचा मुलगा हुशार आहे," वहिनी म्हणाली, "फक्त या कागदावर त्याला आजोबांच्या वर्गात बसवलं आहे." आईंना आजोबांचा वर्ग जास्त पसंत पडला. तो कागद त्यांनी घडी घालून पर्समध्ये ठेवला.

तरी हे बरे. बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्यांचे रंगीत चोपडे घेऊन लोक येतात, तेव्हा वहिनी फार शांत होते. "ठशांवरून चोर सापडतो हो, हुशारी नाही," एवढंच म्हणते. आणि 'मिडब्रेन अॅक्टिव्हेशन'चा क्लास लावलेला मुलगा आला की त्याच्या डोळ्यांसमोर बोट धरून वर-खाली फिरवते. मूल बोटाच्या मागे नजर फिरवतं. "झालं. अॅक्टिव्ह आहे. डोळे असे हलवायचं काम तोच भाग करतो. फी परत मागा."

दहावीचं वर्ष लागलं की वेगळा हंगाम सुरू होतो. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना महाराष्ट्रात 1996 पासून परीक्षेत सवलती मिळतात. जास्तीचा वेळ, लेखनिक, स्पेलिंगच्या चुकांना माफी, गणिताऐवजी खालच्या इयत्तेचं अंकगणित. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांतही ती आली. चांगली गोष्ट झाली. पण 2007 मध्ये 'तारे जमीन पर' सिनेमा लागला, आणि त्यानंतर बी आणि डीमध्ये गल्लत करणारं प्रत्येक पोर त्यातला डिस्लेक्सियावाला ईशान अवस्थी झालं. यवतमाळच्या एका वडिलांनी तर उत्पन्नाचा दाखला मागावा तसं मागितलं, "मॅडम, एक डिस्लेक्सिया काढून द्या न जी. लवकर पाहिजे, फॉर्म चालू हायेत." वहिनीने सांगितलं की बोर्डाला अधिकृत सरकारी रुग्णालयाचा कागद लागतो, आणि तुमच्या मुलाला डिस्लेक्सिया नाही, त्याने पुस्तक उघडलेलं नाही. "दोन्ही सारखंच न मॅडम," वडील म्हणाले, "वाचता येत नाही न त्याले!"

ज्यांना खरोखर ती अडचण असते, ते उलट पळतात. "आमच्या घरात असं कुणाले नाही," आई ठासून सांगते. आजी दुजोरा देते. मग सगळे लिफ्टशी गेल्यावर बाप चप्पल विसरल्याचं निमित्त काढून परत येतो. "मॅडम, पेपरात मी फक्त फोटो पाहतो. अक्षरं हलतात का म्हणा... याले अन् मले एकच असंल का?" ही अडचण घराण्यात चालते, हे वहिनीला ठाऊक असतं. बापाला आपण आळशी नव्हतो हे वयाच्या चाळिशीत कळतं. अशा दिवशी वहिनी घरी उत्तर घेऊन येत नाही. सरळ जाऊन भाजी निवडायला बसते.

तिचा पहिला प्रश्न ऐकून मात्र सगळेच बिचकतात. कुणी कितीही दुरून आलेलं असो, गोंदिया असो की छिंदवाडा, बसल्या-बसल्या ती विचारते, "कान आणि डोळे तपासले का?" लोक दुखावतात. एवढं इंग्रजी नाव असलेली तपासणी करायला आलो आणि ही शाळेतल्या आरोग्य शिबिरातलं विचारते! पण 'मंद' शिक्का बसलेल्या पोराला एका कानाने ऐकूच येत नव्हतं, आणि 'लक्ष देत नाही' म्हणून मार खाणाऱ्या पोरीला फळाच दिसत नव्हता, अशी उदाहरणं तिच्याकडे आहेत. चष्मा लागल्यावर त्या पोरीने पहिल्यांदा विचारलं, "झाडाला एवढी सुटी-सुटी पानं असतात?" हे कसोटीतलं उत्तर नव्हतं, म्हणून आम्हाला प्रश्नासकट कळलं.

आणि एक पोरगा होता सात वर्षांचा. शाळेने लिहिलं होतं, 'स्वप्नाळू, बोलता-बोलता हरवतो.' घरचे म्हणत, "कुठं हरवला बे?" आणि एक टपली. वहिनीने त्याला फॉर्मबोर्ड दिला. तो तीनदा करून घेतात आणि सगळ्यात कमी वेळ धरतात. पहिल्यांदा त्याला एकवीस सेकंद लागले, दुसऱ्यांदा चौतीस, तिसऱ्यांदा वीस. नियमाप्रमाणे वीस लिहायचं आणि पुढे जायचं. पण चुकीच्या उत्तरांचा नाद असलेल्या बाईला तो चौतीसचा आकडा खुपला. याच पोराला बाकी दोन्ही वेळी वीसेक सेकंदांत जमलं, तर मधले तेरा सेकंद गेले कुठे? तिने आठवून पाहिलं. पोरगा हातात चांदणीचा तुकडा घेऊन थांबला होता, पापण्या किंचित फडफडत होत्या, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात त्याने चांदणी जागेवर बसवली होती. पुढच्या तासाभरात तिने मुद्दाम पाहिलं. असं आणखी दोनदा झालं. एकदा तर तो एक आकडी बेरीज सांगता-सांगता थांबला आणि नंतर उरलेलं अर्धं उत्तर दिलं.

तिने पुढच्या कसोट्या बंद केल्या आणि पोराला गल्लीतल्याच मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी खिडकीशी ठेवलेलं जत्रेतलं भिरभिरं त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "फुंकत राहा, थांबू नको." दीर्घ श्वास भराभरा घेतले की अशी फिट उमटते. तीन मिनिटं व्हायच्या आत पोरगा फुंकता-फुंकता थिजला. ईईजीवर सेकंदाला तीन या चालीने लाटा उमटल्या. ही 'अॅब्सेन्स' प्रकारची फिट. हातपाय झाडत नाहीत, पडत नाहीत, फक्त दिवसातून कितीतरी वेळा जग काही सेकंद बंद पडतं. त्या सेकंदांत शिकवलेलं सगळं हुकतं, आणि वर टपली बसते. गोळ्यांनी ते आटोक्यात आलं. सहा महिन्यांनी शाळेची नवी तक्रार आली, मुलगा वर्गात फार बोलतो. ती चिठ्ठी वहिनीने दवाखान्यात पियाजेच्या खाली चिकटवली आहे.

आता इतकं सगळं ऐकून कुणाला वाटेल की आपल्या मुलीने हेच करावं. आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या मुलीला ते बारावीत असतानाच वाटलं. तिचे वडील सिमेंटचे ठोक व्यापारी, माणूस दिलदार, पण हिशेबाला पक्का. एका रविवारी मुलीला घेऊन आले.

"मॅडम, पोरगी म्हणून राहिली, सायकॉलॉजी करतो. मी म्हटलं, आधी मॅडमले विचारू. किती वर्षं लागतात?"

वहिनीने सांगितलं. आधी पदवी, मग एम.ए., मग दोन वर्षांचं क्लिनिकलचं शिक्षण, ज्याला जागा मोजक्या आणि प्रवेश परीक्षा. मग परिषदेची नोंदणी. मग कुणाच्यातरी हाताखाली काही काळ.

"काय म्हणाल्या?"

वहिनीने पुन्हा सांगितलं.

"अन् पैसा? एक आकडा सांगा."

"एक आकडा मी नाही सांगत," वहिनी म्हणाली. "पल्ला सांगते. पंचाण्णव टक्के खात्रीने."

"पल्ला नको. सुरुवातीला किती, तेवढं सांगा."

"तुमच्या ट्रकच्या ड्रायव्हरपेक्षा कमी."

"किती?"

"ड्रायव्हरपेक्षा कमी," मुलगी मोठ्याने म्हणाली.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अन् पोट्टे दिवसभर डोकं खातात ते वेगळं." मुलीने मान हलवली, म्हणजे तिला तेच हवं होतं. वडील उठायला लागले, "मग इंजिनिअरिंगच बरं, काय म्हणता मॅडम?"

मुलगी म्हणाली, "बाबा, मी मानसशास्त्राचा फॉर्म भरला. कालच सांगितलं होतं तुम्हाले, जेवताना."

"कधी?"

"काल. दोनदा."

वहिनीने त्यांना चहा दिला. कप त्यांनी डाव्या हातात घेतला आणि ती बोलेल तेव्हा उजवा कान पुढे करून बसले, हे तिने पाहिलंच असणार. बशी टेबलावर ठेवत तिने विचारलं, "भाऊ, तुम्ही कान कधी तपासले होते?"

ते हसले. मग रागावले. मग दुसऱ्या आठवड्यात गुपचूप धंतोलीत जाऊन आले. दोन्ही कानांतून मळ निघाला. मुलगी आता बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.